विंचू

घमेल्यात कातडं भिजतंय,
हिरडा, बाभळीची साल, तुरट वास,
आणि सुभाषनगरच्या या ओट्यावर बसून
मी आप्पांना सांगतेय
की विश्व म्हणजे एक पातळ थर. त्याला ब्रेन म्हणतात.
"डोस्क्यातला?"
नाही आप्पा, मेंब्रेनमधला. पटल म्हणा.
"थर म्हण की सरळ. तळव्याला असत्यात तसं."

मग तळवाच घेतला हातात.
वरच्या थरावर आपण: रंकाळा, विद्यापीठ,
माझी रखडलेली पीएचडी, तुमची शुगरची गोळी.
खालच्या थरावर दुसरं कुणी.
मध्ये केसाएवढंही अंतर नाही,
तरी उजेड ओलांडत नाही,
कारण उजेडाच्या तारेची दोन्ही टोकं
आपल्याच थरात टाचलेली.

आप्पांनी वादी दातात धरून ओढली.
"आन् जी टाचलेली न्हाई?"

त्यांच्या मांडीवरून वेणीचं एक कडं घरंगळलं,
उंबरा उतरून गटारीपाशी जाऊन आडवं पडलं.
ते गुरुत्वाकर्षण, आप्पा. वजन.
ज्याला टोकच नाही त्याला टाका कुठं घालणार?
ते तेवढं पलीकडे जातं.

"म्हंजी पल्याडचं दिसत न्हाई,
पर जड लागतंय."
एवढं बोलून ते गप्प झाले.
फळीवर सात नंबरचा एक जोड आहे.
तो आम्ही कधी विकायला काढला नाही.

तेवढ्यात चौगुले आले, रिटायर फौजदार,
एक चप्पल पायात, एक हातात.
"डावी बोलतीया, उजवी मुकी झालीया."

आप्पांनी रापीनं टाके उसवले, थर सोडवले.
आतला विंचू,
ते वाळकं बी, पावलाखाली करकरणारं,
चुरा होऊन बसलेला. चिमूटभर.
चार वर्षांचं चालणं.

मी प्रबंधात लिहिलंय:
दोन पटलं ओढली जातात, आदळतात,
त्या धडकेची ऊब म्हणजे तारे, ऊस, माणसं;
मग ती लांब जातात, सगळं विरत विरत थंड होतं,
आणि पुन्हा.
गाइडबाईंनी समासात पेन्सिलीनं विचारलंय: पुन्हा का?
पान तसंच आहे.

आप्पांनी चुरा फुंकला.
डबीतून नवं बी काढलं, कानाशी हलवून पाहिलं,
नको म्हणून ठेवलं, दुसरं काढलं.
खळ, थर, हातोडी.
"चाला की सायेब."

चौगुले गल्लीच्या तोंडापर्यंत गेले.
कर्र. कर्र.
डावीचा आवाज मुरलेला, उजवीचा अजून कोवळा.

मी आवाज ऐकत नव्हते.
पाय उचलला, अजून टेकला नाही,
थर सुटे आहेत,
तेवढ्यात तिथं

"कडं आण गं ते गटारीपासलं," आप्पा म्हणाले,
"वाया जाईल."