गिरणीच्या मागे

कर्वेनगरात माझा पत्ता सांगायचा तर
आधी एक पिठाची गिरणी सांगावी लागते,
जी आता नाही.
तिथं चष्म्याचं दुकान झालं, तरी रिक्षावाले
गिरणीपाशीच थांबतात.
मग डावीकडे, कॅनॉलच्या अंगाला, दुसरा मजला,
दारावर खिळ्यांची दोन भोकं.
तिथं पाटी होती. उ. गो. खांबेटे.

बाईंना मी पाहिलेलं नाही.
मला त्यांची पाकिटं माहीत आहेत,
आणि माळ्यावर राहून गेलेला स्टीलचा एक डबा,
बुडाशी नाव कोरलेला.
माझ्याकडे तस्साच एक आहे, तुळशीबागेतला,
तेच माप, तेच झाकण.
सारखा आणि तोच:
मराठीत हे दोन शब्द आधीपासून आहेत.
मला ते नोकरीत शिकावे लागले.

खराडीत तीन रात्री आम्ही एक चूक शोधत होतो.
एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर दिसायचं,
रोज नाही, हजारात एकदा,
तेही गर्दीच्या वेळी.
देवयानी टिळेकर (मला सीनियर, वयानं लहान)
चहाच्या कागदी कपावर चौकोन काढत म्हणाली,
"तू ओळख म्हणून पत्ता वापरलायस."
वापरला होता.
मला वाटलं, मेमरीतला पत्ता म्हणजे
एकाला एक, जन्मभर.
"जन्मभरच," ती म्हणाली. "नंतरचं कोण बघणार?"
वस्तू संपली की खोली झाडून घेतात
आणि पुढच्या भाडेकरूला देतात,
आकडा तोच, डोळ्याचं पातं लवायच्या आत.
माझ्या वहीत मात्र जुनंच नाव.

दोन ओळी बदलल्या. चूक गेली.
पहाटे म्हात्रे पुलावर गाडी थांबवून
मी उगाच पाण्याकडे बघत राहिलो.
शिरवळला मी पिंट्या, इथं निरंजन.
नावं दोन, वस्तू एक,
पिंट्याची दाढ ठणकली की निरंजनची रजा पडते.
पण एका पत्त्यावर दोघं,
एकामागून एक,
याला काय म्हणायचं ते कपावर नव्हतं.

मे महिन्यात बेल वाजली.
गुहागरचे पाष्टे, पिशवीत आगळाच्या बाटल्या,
जिना चढून धाप लागलेली.
"खांबेटे बाई?"
मी सांगणारच होतो. मालकानं मला सांगितलेलं,
गेल्या फेब्रुवारीत, हॉस्पिटलात, मागे कोणी नाही.
"ह्या दोन वेगळ्या काढल्यात," ते म्हणाले,
"मीठ कमी. बाईंना बीपी ना."

आमच्या भाषेत मरण म्हणजे
धरणाऱ्यांची संख्या शून्य होणं.
एक जरी हात धरून असला
तर जागा झाडत नाहीत, कितीही अडचण होवो.
दारात उभ्या उभ्या मी मोजलं.
मालक: नाही, त्यांनी दुसऱ्याच दिवशी रंग काढला.
बँक: नाही.
भांड्यांचं दुकान, दर दिवाळीला कार्ड पाठवणारं:
ते पत्त्याला पाठवतं, बाईंना नाही.
पाष्टे: एक.

"ठेवतो," मी म्हणालो.
एवढंच म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं.
पैसे दिले. पाणी दिलं.
त्यांनी आत डोकावून पाहिलं नाही,
फक्त जाताना म्हणाले, "पुढल्या वर्षी चार आणू का?"

रात्री सोलकढी केली.
अळणी लागली, नारळ असूनही.
मिठाचा डबा हातात घेतला,
बुडाशी कोरलेलं बोटाला लागलं.
आपला कुठला, त्यांचा कुठला,
मधल्या वर्षात कधी अदलाबदल झाली कोण जाणे.
तसाच परत ठेवला.
कढी तशीच प्यायलो.