अडतीस खुर्च्या, पैकी एक मोडकी

ग्रिम्सबीत, गोदीच्या मागे,
माशांना धुरी द्यायची एक जुनी इमारत आहे.
तिच्या वरच्या मजल्यावर आमचं थिएटर.
मासे जाऊन वीस वर्षं झाली,
वास मात्र सीझन तिकीट काढून बसलाय.

खुर्च्या बंद पडलेल्या बिंगो हॉलमधल्या.
बाविसावी मोडकी, तिच्यावर मी बसते,
मालकिणीला पडायची सवय असलेली बरी.
दिवसा मी दातांच्या डॉक्टरकडे अपॉइंटमेंट देते.
तिथेही तोंड उघडायला लावण्याचंच काम,
पण तिथे लोक वेळेवर येतात.

पहिल्या प्रयोगाला मी नारळ फोडला होता.
अग्निशमनच्या तपासनीसाने फॉर्मवर लिहिलं :
स्टेजवर कठीण फळ. धोका मध्यम.
घंटा पितळेची, सांगलीहून आणलेली.
तिसरी घंटा झाली की इथले लोक
अजून चौथी असेल म्हणून गप्पा मारत राहतात.

नाटकं सगळी नवी, सगळी विनोदी, सगळी माझी.
मी मराठीत हसते आणि इंग्रजीत लिहिते;
मधल्या जिन्यात काही विनोद पाय घसरून पडतात.
डोरीन त्यांना उचलते, झटकते, म्हणते,
"असं इथे कुणी बोलत नाही, राणी."
एकदा प्लंबरच्या तोंडी मी गुपचूप घातलं,
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.
प्रयोगानंतर एक म्हातारी हात धरून म्हणाली,
माझी आजी अगदी हेच म्हणायची.
मी काय बोलणार? बरं, म्हटलं. असेल.

बुधवारी सात माणसं. कधी पाच.
रडायला एकटा माणूस पुरतो,
हसायला शेजार लागतो;
आमच्याकडे शेजारच्या खुर्च्या तेवढ्या भरपूर.
खालचा बॉयलर प्रत्येक विनोदावर कण्हतो.
कंपनीत एंट्री न चुकणारा नट तो एकटाच.

आणि शुक्रवारी मिस्टर पॉकलिंग्टन.
पहिली रांग, हाताची घडी, ज्येष्ठांचं तिकीट तीन पौंड.
हसले नाहीत. कधीच नाही.
डेन्झिल त्यांच्यासाठी मुद्दाम दोनदा धडपडायचा,
गुडघा सुजवून घ्यायचा,
आणि ते घड्याळ बघायचे.

फेब्रुवारीत वादळ आलं. समुद्र रस्त्यावर.
स्टेजवर चौघं, प्रेक्षकांत ते एकटे.
नट जास्त तर प्रयोग रद्द, हा आमचा नियम.
मी पैसे परत करायला गेले.
म्हणाले, "माझी बस नऊ-चाळीसला आहे,
तोवर मी जाऊ कुठे?"
ती बस डेन्झिलच चालवतो.
आज तो इथे प्लंबर होता.
हे त्यांना सांगायचं धैर्य झालं नाही.
मी घंटा दिली. तीनही.

दुसऱ्या अंकात डोरीन अडली.
प्रॉम्प्टिंगला मी; माझी पानं ओलाव्याने चिकटलेली.
शांतता इतकी, की बॉयलरसुद्धा थांबला.
मग पहिल्या रांगेतून, घडी न सोडता,
कोरड्या आवाजात तिचं वाक्य आलं.
डोरीनने ते घेतलं. पुढचंही आलं.
त्याच्या पुढचं कुणालाच ओळखीचं वाटेना.
डिसेंबरमध्ये मी कापलं होतं ते,
कुणी हसत नाही म्हणून.

डेन्झिलने शेवटी त्यांना स्वतःच्या गाडीतून सोडलं,
प्लंबरच्या वेषात, पाना खिशात तसाच.
उतरताना ते म्हणाले म्हणे,
"बाईंना सांग, तो चांगला होता. का काढला?"

मी तो परत घातलाय.
अजून कुणी हसत नाही त्यावर.
तेही नाहीत.
शुक्रवारी फक्त त्या जागी
ते घड्याळ बघत नाहीत, एवढंच.