तुटक रेषा

एरीला नोव्हेंबरातच सरोवरावरून बर्फ येतो.
डेल्बर्ट कोझाक बूट झटकून आत आला,
खिशातून पितळेचं कडं काढून माझ्या टेबलावर ठेवलं.
कड्याला निळा खडू लागलेला.
पूल खेळताना डाव्या बोटांत बसवायचं, त्यातून काठी सरकवायची.
मग हात थरथरला तरी काठी थरथरत नाही.

वकीलबाईंनी विचारलं, कुणाकुणाला दाखवलंत?
"गुरुवारी येणाऱ्या सगळ्यांना. जिंकत होतो ना!"
त्याला किती दिवस झाले?
तो बोटांवर मोजू लागला, बोटं जागेवर ठरेनात.
अकरा महिने.
बाईंनी चष्मा काढला.
वर्ष उलटलं, की हात चोळत बसा.

फीचं निघालं तेव्हा त्यानं बिस्किटांचा डबा उघडला.
चुरगळलेल्या नोटा, आणि विजेच्या बिलामागं यादी:
ऑडेल, चाळीस. बारवाली मर्लीन, दोनशे.
एकानं नाव न लिहिता अकरा डॉलर.
आणि व्हर्जिल, वीस वर्षं ह्याला हरवत आलेला,
त्याचे नऊशे. शेजारी त्याच्याच अक्षरात:
माझ्याविरुद्ध वापरायचं नाही.

मी फक्त आकृत्या काढतो.
आमच्याकडे रीत अशी, की ज्यावर हक्क सांगायचा
ते सलग रेषेत, बाकीचं तुटक.
तेव्हा कडं सलग. काठी तुटक,
चेंडू तुटक, टेबलाची कड तुटक,
हातही.

डेल्बर्टनं कागद खिडकीशी नेला,
बराच वेळ बघत राहिला.
"हात छान आलाय," म्हणाला,
"अस्साच हलतो."