किल्लीवाला

खामल्यात, कूलरवाल्याच्या दुकानावरची खोली,
दर दुसऱ्या शनिवारी आम्ही अकरा जण.
वही एकच. घरोघर फिरते,
परत येते तेव्हा तिला कुणाकुणाच्या तर्रीचा वास.

माझं काम एवढंच:
कुलूप उघडणं, खसच्या ताट्या भिजवणं,
आणि आलेलं वाचून ठरवणं
काय राहील.

हेडाऊ मास्तर नागनदीचा तोच पूर लिहितात,
पाणी दरवर्षी वीतभर चढतं.
राहू देतो.
शबनूर तीन ओळी लिहिते, दोन खोडते.
खोडलेल्याही राहू देतो.

मार्चात पौनीकरनं लिहिलं प्रमिलाताईंच्या लेकावर,
नाव न घेता,
पण ताईंना कळेल असं.
ब्लेडनं पान काढलं.
"काऊन बे," तो म्हणाला, "तू कोण?"
उत्तर अजून शोधतोय.

शिवलेल्या वहीतलं एक पान काढलं
की दोऱ्यापलीकडचं त्याचं जोडपान सुटतं,
हे मला ठाऊक नव्हतं.
सुटलं ते मास्तरांचं: पूर, सगळा, हातात.
खळ लावून चिकटवला,
बोटभर बाहेरच राहिला.

मेमध्ये पाळी पौनीकरची.
दुपारी दोनला, कानाला दुपट्टा बांधून
मानेवाड्यापर्यंत स्कूटर.
त्यानं वही घेतली, चाळली,
कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.
"पाणी पितोस?"
प्यायलो. माठाचं.
वही तिथेच ठेवून आलो.

आज जूनचा दुसरा शनिवार.
कुलूप उघडलंय, दहा जण आलेत.
जिना वाजला की सगळे
बोलणं थांबवतात.