भाषणाचा सदरा

खाणीत त्याला कुणी मर्टी लाउनी म्हणत नसे,
कर्णा म्हणत.
आठशे फुटांखालून तो हाक घालायचा
आणि वर पाळण्यावरचा माणूस म्हणायचा,
आला, कर्णा आला.

लिहिता येत नव्हतं त्याला.
बेअराच्या किनाऱ्यावर तांब्याची खाण होती, शाळाही होती,
पण शाळेत त्याच्या भाषेला छडी होती,
म्हणून तो खाणीत गेला.
इंग्रजी शिकला बोटीवर,
एका खलाशाकडून, दोन आठवड्यांत.
त्यामुळे शेवटपर्यंत त्याच्या भाषणात
शिवी कुठे संपते आणि विनंती कुठे सुरू होते
ते ब्यूटमध्ये कुणालाच नीट कळलं नाही.

मी त्याची वही. बारा वर्षांची.
बटाटे सोलता सोलता तो बोलायचा,
मी किराण्याच्या पिशव्या फाडून त्यांवर उतरवून घ्यायचे.
आई म्हणायची, नगरसभेत जायचंय म्हणे,
आधी घरी तर वेळेवर ये.

शनिवारी पगार झाला की
खाऱ्या माशांचं रिकामं पिंप पालथं घालून
तो त्यावर चढायचा.
मी खाली कंदील धरून.
मला दिसायचे फक्त त्याचे बूट
आणि पिंपाचं बूड,
जे प्रत्येक ‘बंधूंनो’ला करकरायचं.
बोगद्याला लाकडाचे आधार द्या, म्हणायचा.
मेलेल्याच्या बायकोला शवपेटीचं बिल पाठवू नका.
चाळीस माणसं. कधी पन्नास,
त्यातली दहा दारूच्या गुत्त्यात जागा व्हायची वाट बघत.

मग एक वकील, चांगल्या टोपीचा,
त्याच्या कानाशी लागला.
मर्टी, लाकडावर मतं मिळत नाहीत.
माणसांना माणूस दाखव. बोट करून.

पुढच्या शनिवारी बापाने बोट केलं
गल्लीच्या टोकाला, चुंग फायच्या लाँड्रीकडे.

ते वाक्य माझ्या अक्षरात आहे.
आदल्या रात्री मी ते लिहिलं,
एक शब्द चुकला होता तो खोडून पुन्हा लिहिला.
चारशे माणसं होती.
पिंप करकरलं असेल, ऐकू आलं नाही.
बापाचा आवाज पहिल्यांदाच
त्याच्याहून मोठा होऊन परत आला
आणि मी वर पाहिलं.
तो हसत होता,
घोडं उधळल्यावर
लगाम हातात असलेला माणूस हसतो तसा.

सकाळी आईने मला धाडलं.
भाषणाचा एकुलता एक सदरा लाँड्रीत होता.
दुकानाला काच नव्हती.
चुंग फायने ती केव्हाच झाडून
पत्र्याच्या बादलीत भरली होती.
कपाळावर फडकं, नीट घडी घातलेलं.
त्याने कागदाचं पुडकं पुढे केलं.
मी पंधरा सेंट ठेवले.
त्याने पाच परत केले.
दर दहाच होता.

निवडणूक बाप एकोणीस मतांनी हरला.
चांगली टोपी दुसऱ्या पिंपाकडे गेली.

पिशव्या अजून ट्रंकेत आहेत.
नातवंडांना वाचून दाखवते,
लाकडाची, शवपेटीच्या बिलाची.
अठ्ठावीस आहेत.
मी सत्तावीस सांगते.

पुढचं सगळं धुळीने केलं.
छातीत दगड साचत गेला,
आवाज आधी गल्लीपुरता उरला,
मग स्वयंपाकघरापुरता, मग उशीपुरता.
शेवटच्या हिवाळ्यात तो जुन्या भाषेत बोलू लागला,
जी त्याने मला शिकवलीच नव्हती.
तिला इथे मतं नव्हती.
मी पेन्सिल घेऊन बसायचे
आणि काहीच लिहायचे नाही.

एका रात्री मात्र इंग्रजीत म्हणाला,
त्या सदऱ्याच्या कॉलरला
खळ काय सुरेख होती गं.
आणि थांबला,
भाषणात थांबायचा तसा,
टाळ्यांपुरती जागा ठेवून.

मी उठले,
शेगडीत कोळसा घातला.