कोरा काठ

पहिल्याच दिवशी हुरमुज मांझीनं विचारलं,
पायलट म्हणजे विमान उडवतो तोच ना?
मग विमान कुठंय?
मी म्हटलं, चाचा, हा पायलट निराळा.
अख्ख्या जमुनेला हात घालण्याआधी
नऊशे हात काठावर करून बघायचं.
हां, म्हणजे शीत दाबून बघणार, तो म्हणाला.
भात केवढा पण. पार ढाक्याच्या पलीकडपर्यंत.

मग बांबू आले, होडीनं, सातशे चाळीस.
ज्येष्ठात, पाणी चढायच्या आत रोवले,
वर चटयांची भिंत, खाली मोकळं.
हुरमुजचा आजा हेच करायचा,
होड्यांची वाट खोल राहावी म्हणून.
नवं एवढंच, की आम्ही मोजणार होतो.

नदीला अडवायचं नव्हतं.
दगडांनी दोनदा अडवून झालं होतं,
दोन्हीदा ती निघून गेली, दगडांसकट.
आता वळवायचं, रुसलेल्याचं मन वळवतात तसं.
वरच्या पाण्याला म्हणायचं, तू जा बाई मध्याला,
खालच्या गाळाला, तू टेक जरा. घटकाभर.

काठाचे तीन तुकडे पाडले.
पहिल्यात बांबू दाट, दुसऱ्यात विरळ,
तिसऱ्यात काहीच नाही.
तिसरा लागतोच. नाहीतर
बांबूंनी केलं की नदीनं आपणहून,
कळायचं कसं?
कुठला तुकडा कोरा, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं.
चिठ्ठी मी उचलली.
नकाशावर पट्टी लावून रेघही मीच मारली,
ती आंबियाच्या अंगणातून गेली,
गोठा दुसऱ्या तुकड्यात, घर तिसऱ्यात.

आंबिया आमच्याच कामावर होती.
रोज सकाळी सहाला मोजपट्टी वाचायची,
वहीत लिहायचं. अक्षर वळणदार.

पाणी चढलं.
पहिल्या तुकड्यातले बांबू आडवे झाले,
दाट होते, नदीनं त्यांना भिंतच समजलं.
दुसऱ्यात बोटभर गाळ, मग वीतभर.
कोरा काठ नदी कोरत राहिली.
वहीत:
तिसरा, उणे दोन हात.
तिसरा, उणे पाच.
तिसरा, पाऊस, पट्टी दिसत नाही.
तिसरा, उणे अकरा. चूल हलवली.
हे शेवटचं रकान्यात बसत नव्हतं,
तिनं समासात लिहिलं होतं.

मी म्हटलं, आंबिया, चाळीस बांबू उरलेत,
रात्रीत लागतील तुझ्याकडे.
ती म्हणाली, मग तुमचा कोरा काठ कोरा कसा राहील?
टोमणा होता का, मला अजून कळलेलं नाही.
आवाज साधाच होता,
पट्टी वाचून दाखवताना असतो तसा.
उत्तर द्यायला मी दोन दिवस लावले.
तिसऱ्या दिवशी बांबू घेऊन गेले तर
घराचे पत्रे उतरवून झाले होते,
हुरमुजच्या होडीत एकावर एक, खणखणत.

कार्तिकात दुसऱ्या तुकड्यातला गाळ सुकला.
कुणीतरी त्यात भुईमूग टोचला.
ढाक्याहून साहेब आले, बुटाच्या टाचेनं जमीन दाबून पाहिली,
म्हणाले, उत्तम. पुढच्या वर्षी चार किलोमीटर.
अहवालात मी लिहिलं:
तुलनेसाठी राखलेला काठ, घट एकोणीस हात.
तो आकडा नसता
तर भुईमुगालाही अर्थ नव्हता.

आंबियाचं घर आता गोठ्याला टेकून आहे.
परवा ती वही परत द्यायला आली.
म्हणाली, दाबलेलं शीत आम्ही
परत भातात नाही टाकत, जिभेवर टाकतो.
भाजतं जरा.
मग नव्या नकाशावर वाकली,
चार किलोमीटरात कोरा काठ कुठला, विचारलं.
मी बोट ठेवलं.
इथं कोण राहतं, तिनं विचारलं.