उतार

डेलबर्ट सकाळपासून गाडीखाली.
शेरीफच्या निवडणुकीत पडलेल्या कुणाचा तरी
प्लास्टिकचा फलक
त्यानं गाडीच्या पोटाला ठोकलाय, वारा अडू नये म्हणून.
उमेदवार आता रस्त्याकडे बघून हसतो.

पुढची जाळी पुठ्ठ्यानं बंद. टायर दगडासारखे.
उजवा आरसा स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी.
परवा माझी सीटही काढली. चौदा किलो.
"मी कुठे बसू?"
"मागे."

खाण बंद झाल्यापासून तो सगळंच मोजतो.

रविवारी एल्किन्सला निघालो.
घाटमाथ्यावर त्यानं इंजिन बंद केलं
आणि ती म्हातारी होंडा नुसती घरंगळत राहिली.
फटीतून वारा. समोर त्याची मान,
मीच वाकडे कापलेले केस.

मागे न वळता म्हणाला,
"रात्री अजून पिंजरा खाली जातो गं.
तळ येतच नाही."

दोन मैल बोलत होता.
पूल आला, त्यानं किल्ली फिरवली.

घरी आल्यावर वहीत लिहिलं : गॅलनला त्रेपन्न.
मी म्हटलं, पुढच्या वेळी लांबच्या रस्त्यानं जाऊ,
तिकडे घाट जास्त आहेत.

"पेट्रोल जास्त लागेल."

लागू दे.